सोडताना उलट : एका ठिणगीचा इतिहास

स्मरणिकेसाठी प्रत्येकानं काहीतरी लिहायचं असं ग्रुपवर ठरलं, तेव्हा सहली, गॅदरिंग, मधल्या सुट्टीतले डबे आणि सरांच्या छड्या हे विषय पहिल्या तासाभरातच वाटले गेले. माझ्या वाट्याला प्रयोगशाळा उरली. बरंच झालं. प्रयोगशाळेचं माझ्यावर एक जुनं देणं आहे, ते या निमित्तानं फेडून टाकते.

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतलं काचेचं कपाट आठवतंय? त्याच्या खालच्या खणात एक लाकडी पेटी असायची. वर काळा पत्रा, त्यावर पितळी ठोकळे आणि ठोकळ्यांमधल्या फटींत बसणाऱ्या पितळी खुंट्या. पोस्ट ऑफिस बॉक्स. टपाल खात्याच्या तारायंत्राच्या तारांचा रोध मोजायला अशा पेट्या वापरत, म्हणून हे नाव. आपण बारावीला मीटर ब्रिजवरच प्रयोग करायचो, पण सर वर्षातून एकदा ही पेटी हौसेनं बाहेर काढत. तिला दोन कळा होत्या, एक बॅटरीची आणि एक गॅल्व्हानोमीटरची. सर सगळ्या वर्गाकडून म्हणून घेत, "दाबताना बॅटरी आधी, गॅल्व्हानोमीटर नंतर. सोडताना उलट."

कुणीतरी विचारलं, "सर, का?" सर म्हणाले, "आत कॉइल आहेत. कॉइलला घाई चालत नाही." तेवढ्यात घंटा झाली. मी जर्नलमध्ये 'दक्षता' या मथळ्याखाली क्रम सुवाच्य अक्षरात लिहिला आणि दहापैकी नऊ गुण मिळवले. कारण लिहिलं नाही, कारण ते मला कळलंच नव्हतं. काही वर्षांनी त्या न कळलेल्या कारणाची किंमत एका दुसऱ्याच माणसाला मोजावी लागली. पण ती गोष्ट सांगण्याआधी थोडं मागे जायला हवं. हे कारण पहिल्यांदा सापडलं ते एका शाळेतच, आणि तेही त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्याला.

ऑल्बनीचा शाळामास्तर

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावात 'ऑल्बनी अकॅडमी' नावाची मुलांची शाळा आहे. जोसेफ हेन्री हा गरीब घरातला मुलगा लहानपणी घड्याळं आणि चांदीकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करत होता. पुढे त्याला या शाळेत फी न घेता शिकता आलं आणि १८२६ मध्ये तो तिथेच गणित आणि विज्ञान शिकवायला लागला. दिवसाचे सातेक तास शिकवण्यात जात. संशोधनाला वेळ मिळायचा तो मुख्यतः उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळेचा मोठा हॉल रिकामा असेल तेव्हा. आपल्याकडच्या किती शिक्षकांची हीच कहाणी असेल!

हेन्रीनं लोखंडावर तारेचे एकावर एक थर गुंडाळून जबरदस्त विद्युतचुंबक तयार केले. वेढे एकमेकांना टेकू नयेत म्हणून तारेला रेशीम गुंडाळावं लागे. त्यासाठी बायकोचे रेशमी परकर कामी आले, अशी गोष्ट सांगतात. १८३१ साली त्यानं येल कॉलेजसाठी केलेला चुंबक दोन हजार पौंडांहून जास्त, म्हणजे नऊशे किलोच्या वर वजन उचलत असे. त्याच वर्षी त्यानं शाळेतल्या एका खोलीत मैलभराहून लांब तार भिंतीभोवती फिरवली आणि तिच्या टोकाला चुंबकाच्या जोरावर घंटा वाजवून दाखवली.

१८३२ च्या जुलैमध्ये त्याचा एक लेख छापून आला. त्यातलं एक निरीक्षण वाचायला अगदी साधं आहे. लहानशा विद्युत घटाची दोन टोकं फूटभर तारेनं जोडली आणि मग तोडली, तर ठिणगी दिसत नाही. पण तीस-चाळीस फूट लांब तार घेतली, तर जोडताना काही होत नाही आणि तोडताना, म्हणजे पाऱ्याच्या वाटीतून तारेचं टोक बाहेर काढताना, लखलखीत ठिणगी पडते. तीच तार गुंडाळून तिची कॉइल केली, तर ठिणगी आणखी मोठी. घट तोच, तार तीच. मग जास्तीची ठिणगी आली कुठून?

इकडे लंडनमध्ये मायकेल फॅरडेनं १८३१ च्या ऑगस्टमध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधून काढलं होतं. १८३४ मध्ये विल्यम जेन्किन नावाच्या गृहस्थानं त्याला सांगितलं, की विद्युतचुंबकाला जोडलेल्या साध्या एका घटाची तार हातानं तोडली की झटका बसतो. ज्या घटाला नुसता हात लावला तर मुंगीसुद्धा चावल्यासारखं वाटत नाही, त्याचा झटका! फॅरडेनं लगेच प्रयोग सुरू केले आणि त्याला दिसलं, की तीच तार सरळ पसरली तर परिणाम थोडा, गुंडाळली तर जास्त आणि आत लोखंड घातलं तर कितीतरी जास्त. त्याच सुमारास सेंट पीटर्सबर्गच्या लेंझनं नियम मांडला, की प्रवर्तित प्रवाह आपल्या कारणाला विरोध करतो. आपण तो नियम परीक्षेसाठी पाठ केला होता.

आज आपण या सगळ्याला स्वयंप्रवर्तन म्हणतो. कॉइलमधून प्रवाह वाहतो तेव्हा तिच्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. ही ऊर्जा क्षणात नाहीशी होऊ शकत नाही. तार तोडली तरी कॉइल प्रवाह चालू ठेवायला बघते आणि त्यासाठी लागेल तेवढं व्होल्टेज स्वतःच तयार करते. मध्ये हवा आली तर हवा फोडून जाते. भरधाव एसटीनं करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढे फेकली जातात, तसंच काहीसं. फरक एवढाच, की इथली धाव तारेत नसते, तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात असते. इंडक्टन्स मोजण्याच्या एककाला १८९३ साली शिकागोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 'हेन्री' हे नाव मिळालं. एका शाळामास्तराचं नाव.

ठिणगी कामाला लागली

माणसानं आधी या ठिणगीचा उपयोग करून घेतला. आयर्लंडमधल्या मेनूथ कॉलेजचे धर्मगुरू-प्राध्यापक निकोलस कॅलन यांनी १८३६ मध्ये प्रवर्तन कॉइल बनवली. एका कॉइलचा प्रवाह तोडायचा आणि दुसऱ्या, खूप वेढ्यांच्या कॉइलमधून प्रचंड व्होल्टेज काढायचं. हे व्होल्टेज मोजायला तेव्हा साधन नव्हतं, म्हणून कॅलन विद्यार्थ्यांना झटके देऊन त्याचा अंदाज घेत. एक विद्यार्थी तर बेशुद्धच पडला, असं सांगतात. तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढली असती तर हा किस्सा पहिल्या पानावर गेला असता. एकेकाळी मीही तो हसून सांगायचे. आता नाही.

पॅरिसमधल्या रुमकॉर्फ या कारागिरानं १८५१ पासून ही कॉइल इतकी सुधारली, की १८६४ साली नेपोलियन तिसऱ्यानं त्याला ५०,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. १८९५ मध्ये राँटजेनला क्ष-किरण सापडले ते अशाच कॉइलच्या जोरावर. पण या कॉइलची एक अडचण होती. प्रवाह तोडणाऱ्या टोकांवरच ठिणगी पडून ती जळत. १८५३ मध्ये फिझोनं तोडग्याच्या टोकांना समांतर एक संधारित्र जोडायला सुचवलं. प्रवाहाला क्षणभर जायला दुसरी जागा मिळाली आणि टोकं वाचली.

फिझोचं नाव आपण शाळेत ऐकलं असेल ते प्रकाशाचा वेग मोजणारा म्हणून. पण त्याच्या या युक्तीशी आपल्या घरच्यांचा रोजचा संबंध होता. बाबांची जुनी स्कूटर किक मारून मारून सुरू होईना, की मेकॅनिक सांगायचा, "पॉइंट जळलाय, कंडेन्सर बदलावा लागेल." पॉइंट म्हणजे तीच प्रवाह तोडणारी टोकं आणि कंडेन्सर म्हणजे फिझोचं संधारित्र. आणि वर्गातली ट्यूबलाइट? स्टार्टर दोन-तीनदा टकटक करायचा आणि मग ट्यूब लागायची. स्टार्टरनं चोकमधला प्रवाह तोडला की चोक जो उलटा झटका देतो, त्यानं ट्यूब पेटते. हेन्रीची ठिणगी रोज आपल्या डोक्यावर पडत होती आणि आपण पाढे म्हणत होतो.

कारण कळलं ते असं

आता त्या दोन कळांकडे येऊ. ज्या ब्रिजवर ती पेटी चालते, तो सॅम्युएल ख्रिस्टीनं १८३३ मध्ये मांडला आणि १८४३ मध्ये व्हीटस्टननं प्रसिद्धीला आणला, म्हणून त्याचं नाव व्हीटस्टन ब्रिज. मोजायची वस्तू कॉइल असेल, तर बॅटरी जोडताना आणि तोडताना तिच्यात उलटं व्होल्टेज उसळतं. त्या क्षणी नाजूक गॅल्व्हानोमीटर जोडलेला असला, तर त्याचा काटा सपकन आपटतो. म्हणून बॅटरी आधी, प्रवाह स्थिर होऊ द्यायचा आणि मग गॅल्व्हानोमीटर. काढताना आधी गॅल्व्हानोमीटरला बाजूला घ्यायचं आणि मग बॅटरी तोडायची. पेटीच्या आतल्या तारासुद्धा मधोमध दुमडून, दुहेरी करून गुंडाळलेल्या असतात. एका पदरातून प्रवाह जातो, दुसऱ्यातून परत येतो, दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि पेटीचं स्वतःचं स्वयंप्रवर्तन जवळपास उरत नाही.

हे मला कळलं तेव्हा मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले होते आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करत होते. आमच्यासारख्या अनेकींचं असंच झालं. माझी पहिली काही वर्षं चाचणी-उपकरणांचं सॉफ्टवेअर लिहिण्यात गेली. त्यातलं एक उपकरण ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचा रोध मोजायचं. तत्त्व सोपं. वाइंडिंगमधून डीसी प्रवाह सोडायचा, त्यावरचं व्होल्टेज मोजायचं, भागाकार करायचा. रोध ओहमच्या लहानशा अंशाइतका, म्हणून प्रवाह दहा अँपिअरसारखा मोठा लागतो. पण ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग म्हणजे लोखंडी गाभ्यावरची भलीमोठी कॉइल. हेन्रीच्या चाळीस फूट तारेचा राक्षसी पणतू.

उदाहरणादाखल एक गणित करून बघा. इंडक्टन्स १०० हेन्री, प्रवाह १० अँपिअर. साठलेली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले इंडक्टन्स गुणिले प्रवाहाचा वर्ग, म्हणजे ५,००० ज्यूल. पन्नास किलोचं पोतं दहा मीटर उंचीवरून खाली टाकलं तर जमिनीवर आदळताना एवढीच ऊर्जा असते. गाभा संपृक्त झाला की इंडक्टन्स बराच घटतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे वेगळे येतात. पण पोतं डोक्यावर टांगलेलं आहे, हे लक्षात राहावं.

ते पोतं खाली कसं आणायचं? प्रवाहाला फिरायला बंद वाट द्यायची आणि वाटेत रोध ठेवायचा. ऊर्जा रोधात उष्णता होऊन संपते. इथे वेळ आणि व्होल्टेज यांचं व्यस्त नातं आहे. सगळ्या वाटेचा रोध मिळून अर्धा ओहम असेल, तर वरच्या उदाहरणात प्रवाह ३७ टक्क्यांवर यायलाच २०० सेकंद लागतात आणि एक टक्क्याखाली यायला साधारण साडेपंधरा मिनिटं. व्होल्टेज मात्र पाच व्होल्टच. दहा ओहम ठेवले तर हेच काम मिनिटाच्या आत होतं, पण सुरुवातीला शंभर व्होल्ट उठतात. आणि वाटच दिली नाही, चालू प्रवाहात क्लिप उपटली, तर मध्ये हवा येते. मग व्होल्टेजला हजारांत जायला काहीच अडचण नसते.

आमच्या उपकरणात डिस्चार्जची वाट होती. हार्डवेअरवाल्यांनी आपलं काम चोख केलं होतं. चूक माझी होती. रोधाचं वाचन स्थिर झालं, की मी पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'चाचणी पूर्ण' असं दाखवत होते. माझ्या दृष्टीनं ते खरंच होतं, आकडा मिळाला होता. डिस्चार्ज त्यानंतर सुरू व्हायचा आणि कोपऱ्यातला एक लहानसा आकडा हळूहळू उतरत जायचा. टेबलावर बसून तो मला व्यवस्थित दिसत होता.

एका सबस्टेशनच्या यार्डात, दुपारच्या उन्हात, तो आकडा कुणालाच दिसला नाही. खालच्या माणसानं हिरवी अक्षरं पाहून हात हलवला आणि ट्रान्सफॉर्मरला लावलेल्या शिडीवरच्या हेल्पर काकांनी क्लिप काढली. फटकन आवाज झाला, निळसर ज्वाळेचा कमानीसारखा लोळ उठला आणि काका मागच्या मागे पडले. तळहात भाजला, खांद्याचं हाड मोडलं. डोकं वाचलं ते हेल्मेटमुळे.

मी दुसऱ्या दिवशी त्यांना भेटायला गेले. काय बोलायचं सुचत नव्हतं. काकाच म्हणाले, "मॅडम, तुमच्या मशीननंच सांगितलं ना, झालं म्हणून." त्यात राग नव्हता. खरोखरचा प्रश्न होता तो. दोन-अडीच महिने त्यांचं काम बंद होतं. नंतर ते हलक्या कामावर परत आले, पण हात पूर्ण वर जायचा नाही.

त्या आठवड्यात मी सगळा क्रम नव्यानं लिहिला. वाचन मिळालं तरी पडदा लाल आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'डिस्चार्ज चालू, क्लिप काढू नका'. प्रवाह प्रत्यक्ष मोजून शून्याजवळ आल्याशिवाय हिरवा रंग नाही. 'थांबवा' हे बटण दाबलं तरी रिले लगेच उघडायचा नाही, आधी डिस्चार्ज. मध्येच वीज गेली तर? भारनियमनाचे दिवस होते, ही शंका पुस्तकी नव्हती. म्हणून डिस्चार्जची वाट सॉफ्टवेअरवर अवलंबून नसेल, वीज गेली की आपोआप जोडली जाईल, हे तपासून घेतलं. माणसांसाठी एक कागद उपकरणाच्या झाकणात चिकटवला: मुख्य प्लग उपटायचा नाही, प्रवाह उतरू द्यायचा, मीटरवर शून्य पाहायचं, टर्मिनल शॉर्ट करून अर्थ करायची आणि मगच क्लिप काढायच्या. ज्यांच्याकडे वेगळा व्होल्टमीटर असेल, त्यांनी तो प्रवाह बंद करण्याआधी सोडवून घ्यायचा.

ही शेवटची ओळ टाइप करताना माझा हात थांबला. ही तर सरांचीच ओळ होती. सोडताना उलट.

मोठ्यांच्या घरीही

या कॉइलपुढे मोठमोठ्यांनाही सावध राहावं लागतं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या महाकाय कण-त्वरकात, म्हणजे एलएचसीत, अतिवाहक चुंबकांच्या लांबच लांब मालिका आहेत. १९ सप्टेंबर २००८ रोजी एका मालिकेत प्रवाह ८,७०० अँपिअरच्या आसपास असताना दोन चुंबकांमधला एक सदोष जोड तुटला. प्रवाह थांबायला तयार नव्हता. जोडाच्या जागी आर्क पेटला, हेलियमचं आवरण फुटलं, सुमारे सहा टन हेलियम बाहेर पडला आणि दुरुस्तीसाठी ५३ चुंबक भुयारातून वर काढावे लागले. यंत्र पुन्हा सुरू व्हायला २००९ चा नोव्हेंबर उजाडला. बंद करायची ठरलेली वाट तिथेही होती: प्रत्येक चुंबकाला समांतर डायोड आणि ऊर्जा जिरवायला मोठाले रोध. प्रवाह तुटला तो मात्र भलत्याच ठिकाणी. नंतर सगळे जोड तपासायची आणि दोष लवकर ओळखायची व्यवस्था आणखी कडक केली गेली. या चुंबकांच्या संरक्षणयंत्रणेतले हीटरचे हजारो वीजपुरवठे भारतातून गेले आहेत, हे वाचलं तेव्हा बरं वाटलं.

ऑल्बनीतल्या पाऱ्याच्या वाटीपासून जिनिव्हाच्या भुयारापर्यंत पावणेदोनशे वर्षांचं अंतर आहे. तंत्र बदललं, पण गोष्ट एकच राहिली. बंद करणं हेही एक काम आहे. त्याला वाट लागते आणि वेळ लागतो. आपण घाई केली, तर तो वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातातून वसूल होतो.

संमेलनाला सर येणार आहेत असं कळलंय. त्यांना एक विनंती करणार आहे. माझं बारावीचं जर्नल आईनं जपून ठेवलंय, ते मी घेऊन येतेय. 'दक्षता' या मथळ्याखाली क्रम आहे आणि खाली रिकामी जागा आहे. तिथे कारण मी आता लिहिलंय. सर, तेवढं तपासून सही करून द्या. आणि आज त्या प्रयोगशाळेत जे शिकवत असतील, त्यांनाही सांगा, की घंटा झाली तरी मुलांच्या एका 'का'ला दोन मिनिटं द्या.